नामानिराळी राणी

महिला दिन जवळ आला की कर्तबगार स्त्रियांच्या याद्या मोबाइलवर फिरायला लागतात. अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, इंदिरा गांधी, आणि त्याच रांगेत कुठेतरी गळ्याभोवती चुणीदार पांढरी झालर घातलेली इंग्लंडची पहिली एलिझाबेथ. चित्राखाली टिलबरीच्या भाषणातलं वाक्य ठरलेलं असतं: शरीर दुबळ्या बाईचं असलं तरी काळीज राजाचं आहे. शेजारी विशेषणांची माळ. खंबीर, कणखर, धडाडीचे निर्णय घेणारी.

यातलं शेवटचं विशेषण वाचून तिच्या मंत्र्यांनी कपाळावर हात मारून घेतला असता. या बाईनं चव्वेचाळीस वर्षं राज्य केलं आणि तेवढ्या काळात लग्नाचा निकाल लावला नाही, वारस नेमला नाही, धर्माचा प्रश्न अर्ध्यावर ठेवला आणि युद्ध गळ्याशी येईपर्यंत पुढे ढकललं. विल्यम सेसिल, म्हणजे लॉर्ड बर्ली, हा तिचा सर्वांत विश्वासू मंत्री. त्याची निम्मी हयात तिच्या सहीची वाट बघण्यात गेली. आणि टिलबरीचं म्हणाल तर ऑगस्ट १५८८ मध्ये ती तिथे सैन्यापुढे उभी राहिली तेव्हा स्पॅनिश आरमार ग्रेव्हलाइन्सला मार खाऊन उत्तरेकडे निघून गेलं होतं. ते गाजलेलं वाक्यसुद्धा आपल्यापर्यंत पोचलं ते एका पाद्र्यानं कित्येक वर्षांनी लिहिलेल्या पत्रातून, आणि ते पत्र छापलं गेलं १६५४ मध्ये. ती तसं बोलली नाही असं नाही. पण ज्या प्रसंगावरून आपण तिला धडाडीचं प्रशस्तिपत्र देतो, तो प्रसंग धोका बराचसा टळल्यानंतरचा आहे.

मला ती आवडते ती नेमकी तिच्या टाळाटाळीमुळे. टाळाटाळ हेच तिचं राज्यशास्त्र होतं आणि तिच्या काळातल्या धडाडीच्या राजेराण्यांपेक्षा ते कितीतरी शहाणपणाचं होतं. मात्र त्या टाळाटाळीला एक जोडसवय होती. काम व्हावं, पण त्यात आपलं नाव येऊ नये. पहिल्या गोष्टीबद्दल तिला दाद द्यावी आणि दुसरीचा जाब विचारावा. आपण नेमकं उलटं करतो. पहिली आपल्याला दिसतच नाही आणि दुसरीला मुत्सद्देगिरी म्हणून मोकळे होतो.

वेळ काढणं ती कुठे शिकली हे जवळजवळ तारखेनिशी सांगता येतं. आई अ‍ॅन बोलिनचा शिरच्छेद झाला तेव्हा पोर तीन वर्षांचीही नव्हती. बापानंच, म्हणजे आठव्या हेन्रीनं, तिला अनौरस ठरवलं. पुढे सावत्र बहीण मेरी गादीवर आली, वायटचं बंड झालं आणि त्यात एलिझाबेथचा हात असल्याचा संशय आला. १७ मार्च १५५४ ला दोन सरदार तिला लंडनच्या टॉवरच्या तुरुंगात न्यायला आले. महिनाभरापूर्वीच त्याच टॉवरमध्ये, मेरीआधी नऊ दिवस राणी म्हणून बसवलेल्या लेडी जेन ग्रेचं डोकं उडवलं होतं. वीस वर्षांच्या एलिझाबेथनं विनंती केली, बहिणीला एक पत्र लिहू द्या. ती लिहीत बसली आणि थेम्सची भरती-ओहोटी फिरली. आता लंडन ब्रिजच्या कमानींखालून होडी नेणं धोक्याचं होतं. त्या दिवशीचं नेणं रद्द झालं, चोवीस तास मिळाले. ते पत्र आजही जपून ठेवलेलं आहे. दुसऱ्या पानावर वरती थोडा मजकूर, खाली सही आणि मधल्या कोऱ्या जागेत तिनं तिरप्या रेघा मारलेल्या. आपल्या सहीच्या वर कुणी परभारे चार ओळी घुसडू नयेत म्हणून. सही म्हणजे फास असू शकतो हे ज्या मुलीला विसाव्या वर्षी कळलं, ती पुढे राणी झाल्यावर प्रत्येक सहीला इतका वेळ का लावायची, हे वेगळं सांगायला नको.

१७ नोव्हेंबर १५५८ ला तिला मिळालेलं राज्य काही सुवर्णयुगाच्या उंबरठ्यावर नव्हतं. खजिन्यात कर्ज होतं आणि फ्रान्सच्या भूमीवरचं शेवटचं ठाणं, कॅले, त्याच वर्षाच्या सुरुवातीला गेलं होतं. तिची ही सावत्र बहीण, मेरी ट्यूडर, मात्र निर्णय घेणारी बाई होती, हे मान्य करायला हवं. स्पेनच्या फिलिपशी लग्न करायचं ठरवलं, केलं. देश पुन्हा कॅथलिक करायचा ठरवलं आणि पाचेक वर्षांत पावणेतीनशेच्या वर माणसं जिवंत जाळली. नवऱ्याच्या युद्धात उतरायचं ठरवलं आणि कॅले घालवलं. शेजारची स्कॉटलंडची मेरी स्टुअर्टही धडाडीत कमी नव्हती. तिनं तीन लग्नं केली आणि तिसरं तर दुसऱ्या नवऱ्याच्या खुनाचा संशय ज्याच्यावर होता त्याच्याशी. पंचविशीत गादी गेली.

ही उदाहरणं डोळ्यांसमोर असलेल्या एलिझाबेथनं लग्नाचं घोंगडं भिजत ठेवलं. फिलिप, स्वीडनचा एरिक, ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक चार्ल्स, शेवटी फ्रान्सचा राजपुत्र. कुणाला होकार नाही, कुणाला साफ नकार नाही. पार्लमेंटनं १५६३ मध्ये आणि १५६६ मध्ये आग्रह धरला, तिनं गोड भाषणं करून वाटेला लावलं. स्वतःच्याच एका जबाबाला तिनं पुढे ‘उत्तर नसलेलं उत्तर’ म्हटलं आहे. पण या झुलवण्यामुळे युरोपातल्या दोन बलाढ्य सत्तांपैकी कुणालाही इंग्लंड आपल्या हातातून सुटलं असं कधी वाटलं नाही. इंग्लंडच्या गादीवर वारसाहक्क सांगणारी आणि पहिलं लग्न फ्रान्सच्या राजघराण्यात झालेली मेरी स्टुअर्ट, म्हणजे पर्यायानं फ्रान्स, येण्यापेक्षा ही प्रॉटेस्टंट बाई परवडली, असा हिशेब करून खुद्द कॅथलिक फिलिपनं पोपला आवरून धरलं. तिला बहिष्कृत करणारं फर्मान निघायला १५७० उजाडलं. लहान, कर्जबाजारी देशाला मिळालेली ही बारा वर्षं तिच्या कुठल्याही आरमारी विजयापेक्षा मोलाची होती, असं मला वाटतं.

वारसाचंही तेच. वारस नेमा म्हणून सगळे मागे लागलेले, आणि ही म्हणते की लोक मावळत्यापेक्षा उगवत्या सूर्याला नमस्कार करतात. तिला हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. मेरीच्या कारकिर्दीत उगवता सूर्य तीच होती आणि प्रत्येक असंतुष्ट माणूस तिच्या दाराशी घुटमळत होता. वारस जाहीर करणं म्हणजे कटवाल्यांना पत्ता देणं. मात्र याची दुसरी बाजूही आहे. पार्लमेंटमध्ये हा विषय काढणारा पीटर वेंटवर्थ टॉवरमध्ये गेला आणि तिथेच मेला. वारसाहक्कात पुढे असलेली कॅथरिन ग्रे परवानगीवाचून लग्न केलं म्हणून कैदेत पडली आणि कैदेतच गेली. राणीचं मौन राखायची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

धर्माच्या बाबतीत तिनं १५५९ मध्ये मधला रस्ता काढला. ती चर्चची ‘प्रमुख’ झाली नाही, ‘शासक’ झाली. प्रार्थनेचे शब्द असे जुळवले की दोन्हीकडच्या माणसाला आपापला अर्थ लावता यावा. चर्चला गैरहजर राहिलं तर बारा पेन्स दंड. मनात काय आहे ते विचारायचं नाही. १५७१ मध्ये पार्लमेंटनं सगळ्यांनी प्रॉटेस्टंट पद्धतीचा प्रसाद घेतलाच पाहिजे असा कायदा केला, तर तिनं त्याला मंजुरी दिली नाही. मेरीच्या चितांनंतरच्या दशकात हे अर्धवट ठेवणं म्हणजे मोठीच माणुसकी होती. ती टिकली नाही. पोपचं फर्मान आलं, कट उघडकीला आले आणि १५८१ पासून दंड महिन्याला वीस पौंड झाला. कॅथलिक पाद्री देशात सापडला तर देशद्रोही. तिच्या कारकिर्दीत शंभरावर पाद्री फासावर गेले आणि त्यांना आसरा देणारेही गेले. यॉर्कच्या मार्गारेट क्लिथरोला १५८६ मध्ये वजनांखाली चिरडून मारलं.

या कडक होत गेलेल्या इंग्लंडचा एक धागा थेट मराठीत येतो. विल्टशरचा टॉमस स्टीफन्स नावाचा तरुण कॅथलिक. त्याचा मित्र टॉमस पाउंड पकडला गेला आणि वर्षानुवर्षं तुरुंगात खितपत पडला. स्टीफन्स निसटला, रोमला जाऊन जेझुइट झाला आणि १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरला. गोव्यातल्या साष्टीत त्यानं आयुष्य काढलं, भाषा आत्मसात केली आणि १६१६ मध्ये राशोलला छापलेलं ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत लिहिलं. आपल्या भाषेची इतकी मनापासून थोरवी गाणारा हा इंग्रज एलिझाबेथच्या राज्यात राहूच शकत नव्हता. अर्थात तो ज्या गोव्यात आला तिथे १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह हुडकून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, बसलेलं होतं आणि साष्टीतली देवळं पाडली जात होती. एका असहिष्णुतेतून सुटून तो दुसरीच्या पंखाखाली आला, हे विसरून त्याच्या ओव्यांचं कौतुक करण्यात अर्थ नाही.

गंमत पुढेच आहे. १५८३ मध्ये जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आणि त्यांचे साथीदार एलिझाबेथचं अकबराच्या नावचं पत्र घेऊन निघाले. होर्मुझला पोर्तुगिजांनी त्यांना हेर म्हणून धरलं आणि गोव्याच्या तुरुंगात आणून टाकलं. त्यांना जामिनावर सोडवायला ज्यांनी खटपट केली त्यांत फादर स्टीफन्स होता. राणीच्या कायद्यामुळे ज्याला देश सोडावा लागला, त्यानं राणीची माणसं सोडवली. ती पुढे विजापूर, गोवळकोंडा, बुऱ्हाणपूर करत उत्तरेला गेली. फिच १५९१ मध्ये लंडनला परतला आणि त्याच्याकडची माहिती हिंदुस्थानच्या व्यापाराची स्वप्नं बघणाऱ्या सावकारांच्या कामी आली.

आता जाबाकडे येतो. त्यासाठी फेब्रुवारी १५८७ चा पहिला आठवडा जरा सावकाश बघावा लागेल.

गादी गेल्यावर आश्रयाला आलेली मेरी स्टुअर्ट एकोणीस वर्षं इंग्लंडमध्ये कैदेत होती. एलिझाबेथच्या खुनाच्या कटात ती दोषी ठरली होती, मृत्युदंड झाला होता. हवी होती फक्त राणीची सही, आणि ती महिनोन्‌महिने होत नव्हती. १ फेब्रुवारीला राणीनं चिटणीस विल्यम डेव्हिसनला कागद घेऊन बोलावलं आणि इतर कागदांबरोबर फर्मानावर सही केली. वर थट्टाही केली की आजारी वॉल्सिंगहॅमला, म्हणजे तिच्या दुसऱ्या चिटणिसाला, दाखव, दुःखानं त्याचा जीवच जाईल. मग सांगितलं, शिक्का मारून घे, आणि काम होईपर्यंत मला पुन्हा यात गुंतवू नकोस. डेव्हिसन निघणार तोच तिनं आणखी एक गोष्ट सुचवली. मेरीचा पहारेकरी सर एमियस पॉलेट याला पत्र लिहा. मेरीला तिथल्या तिथे, गुपचूप, फर्मानावाचून संपवता येणार नाही का? पॉलेट कडवा प्युरिटन, म्हणजे कर्मठ प्रॉटेस्टंट, मेरीचा दुस्वास करणारा. त्याचं उत्तर आलं की माझ्या विवेकाचं असं तारू मी फुटू देणार नाही. राणी त्याच्या सोवळेपणावर चिडली.

दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, शिक्का इतक्यात मारू नका. शिक्का मारून झाला होता. तिसऱ्या दिवशी बर्लीच्या दालनात मंत्री जमले. बाई पुन्हा कच खाणार हे त्यांना पाठ होतं. तिला न सांगता फर्मान रवाना करायचं सगळ्यांनी मिळून ठरवलं. ८ फेब्रुवारीला फॉदरिंगहेच्या वाड्यात मेरीचं डोकं उडवलं. बातमी आल्यावर एलिझाबेथ आक्रोश करू लागली. मी असं सांगितलंच नव्हतं. मेरीच्या मुलाला, स्कॉटलंडच्या जेम्सला, तिनं पत्र लिहिलं त्यात या शिरच्छेदाला एक दुर्दैवी अपघात म्हटलं आहे. बर्लीला काही महिने तोंड दाखवायची बंदी झाली. आणि डेव्हिसन टॉवरमध्ये गेला, दहा हजार मार्कांचा दंड झाला. पुढे सुटला, पण दरबारात त्याला पुन्हा थारा मिळाला नाही.

कुणी म्हणेल, सोळाव्या शतकातल्या बाईला दुसरा मार्ग काय होता? अभिषेक झालेल्या राणीला मारलं हे उघड मान्य केलं असतं तर फ्रान्स आणि स्कॉटलंड दोन्ही उठले असते. खरं आहे. नामानिराळं राहणं ही तिची ढाल होती. पण ती ढाल डेव्हिसन नावाच्या हाडामांसाच्या माणसाची होती. सही केली, त्यात कुणी चूक काढणार नाही. सहीची जबाबदारी चिटणिसाच्या गळ्यात टाकली, तिथे ती आजच्या त्या सगळ्या मोठ्या माणसांच्या पंगतीत बसते ज्यांचे तोंडी आदेश कधीच कागदावर सापडत नाहीत आणि चौकशी लागली की निलंबित होतो तो कनिष्ठ अधिकारी.

पैशाच्या बाबतीतही हेच वळण होतं. जॉन हॉकिन्सनं आफ्रिकेतून माणसं धरून अमेरिकेत विकायला सुरुवात केली. १५६४ च्या त्याच्या सफरीला राणीनं आपलं ‘जीझस ऑफ ल्यूबेक’ हे जहाज दिलं. नफ्यात वाटा, धंदा त्याचा. ड्रेक पृथ्वीप्रदक्षिणेच्या नावाखाली स्पॅनिश जहाजं लुटून आला. स्पेनशी अधिकृत युद्ध नव्हतंच. १५८१ मध्ये डेप्टफर्डला त्याला नाइट करायची वेळ आली, तर तिनं तलवार शेजारच्या फ्रेंच पाहुण्याच्या हातात दिली. खांद्याला तलवार लावली फ्रेंचानं, चांदी आली लंडनला. आयर्लंडमध्ये १५७३ मध्ये एसेक्सच्या अर्लनं अल्स्टरला वसाहत वसवायचा जवळजवळ ठेकाच घेतला आणि राणीनं त्याच्याच जमिनी तारण ठेवून त्याला कर्ज दिलं. त्या मोहिमेत १५७५ ला रॅथलिन बेटावर शरण आलेल्यांची आणि गुहांत लपलेल्या बायकापोरांची कत्तल झाली. राणीकडून सेनापतीला कौतुकाचा निरोप गेला.

आणि ज्या आरमारी विजयाची चित्रं आपण बघतो, त्या विजयाचे खलाशी? ऑगस्ट १५८८ मध्ये, टिलबरीच्या भाषणाच्याच दिवसांत, सेनापती हॉवर्ड मार्गेटहून लिहीत होता की माझी माणसं रस्त्यावर मरताहेत, निवाऱ्याला गोठे आणि पडव्यांपलीकडे काही मिळत नाही. पगार थकलेले. त्याच सुमाराला बर्लीच्या पत्रात हिशेब आहे की काही माणसं मेली आणि काही आजारी म्हणून सोडली, तर पगारात थोडी बचत होईल. हे वाक्य राणीचं नाही, मंत्र्याचं आहे. अशी वाक्यं नेहमी मंत्र्यांचीच असतात.

तिच्या प्रतिमेबद्दल फार लिहीत नाही, तो विषय चघळून चोथा झालेला आहे. साठी उलटल्यावरही चित्रकार तिला तरुणच रंगवत आणि न शोभणारी चित्रं नष्ट करायचा १५९६ चा हुकूम होता, एवढं पुरे. स्त्रियांसाठी तिनं काय केलं, हा महिला दिनाचा प्रश्न मात्र सरळ आहे. काहीही नाही. मी इतर बायकांसारखी नाही, देवानं मला निवडलंय, हीच तिची भूमिका होती, आणि अपवाद म्हणून बसलेल्या माणसाला नियम बदलण्यात रस नसतो.

तिच्या वारशातली आपल्याला सर्वांत जवळची गोष्ट तिच्या शेवटच्या वर्षांतली. सप्टेंबर १५९९ मध्ये लंडनच्या व्यापाऱ्यांनी पूर्वेकडच्या व्यापारासाठी तीस हजार पौंडांवर रक्कम उभी केली आणि परवाना मागितला. सवयीप्रमाणे तो लांबला, कारण स्पेनशी तहाची बोलणी चालली होती. बोलणी फिसकटली आणि ३१ डिसेंबर १६०० ला ईस्ट इंडिया कंपनीची सनद निघाली. पंधरा वर्षांचा मक्ता. पूर्वेकडे व्यापार फक्त यांनी करायचा. राणीच्या तिजोरीतून भांडवल नाही, मालावर जकात मिळणार, आणि दूरच्या समुद्रात काही बरंवाईट झालं तर ते कंपनीचं. हॉकिन्स, ड्रेक, एसेक्स यांच्याबरोबर चाळीस वर्षं जे तोंडी आणि सोयीनं चाललं होतं, त्याला इथे कायदेशीर रूप मिळालं. पुढे या कंपनीनं काय केलं याचा दोष १६०० सालच्या म्हाताऱ्या राणीला देणं हास्यास्पद ठरेल. तिला मिऱ्याच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. पण सत्ता एकाची आणि उत्तरदायित्व कुणाचंच नाही, ही रचना तिच्या हातची आहे.

असा मक्ता किती जाचक असतो हे तिच्या प्रजेला चांगलं ठाऊक होतं. सनदेनंतर अकराच महिन्यांनी पार्लमेंटमध्ये दरबारी मर्जीतल्या लोकांना दिलेल्या मक्त्यांची यादी वाचली गेली. मीठ, व्हिनेगर, पत्ते, काय काय. हेकविल नावाचा सभासद उठून म्हणाला, यात पाव नाही का? आज बंदोबस्त केला नाही तर पुढच्या वेळी तोही असेल. सभागृह इतकं तापलं की राणीला माघार घ्यावी लागली. तिनं काही मक्ते रद्द केले आणि ३० नोव्हेंबर १६०१ ला सभासदांपुढे ते भाषण केलं ज्याला पुढे ‘सोनेरी भाषण’ म्हटलं गेलं. तुमच्या प्रेमानं राज्य केलं हेच माझ्या मुकुटाचं वैभव, असा त्याचा आशय. भाषण खरोखर सुंदर आहे. मिठाच्या मक्त्यावर ओरडायला इंग्रज माणसाला एक सभागृह होतं, म्हणून ते झालं. कंपनीच्या सनदेच्या दुसऱ्या टोकाला जी माणसं होती त्यांच्यासाठी असं कुठलंच सभागृह नव्हतं. लंडनच्या त्या सभागृहानं कंपनीच्या हिंदुस्थानातल्या कारभारात पहिल्यांदा गंभीरपणे हात घातला तो १७७३ मध्ये. बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेल्यानंतर, आणि तेही मुख्यतः कंपनीचं दिवाळं निघायची वेळ आली म्हणून.